लॅन केबलला हात लावण्याआधी

वायरचं नेट गेलं की राऊटर लगेच बंद-चालू करू नका. बिघाड कुठे आहे ते पोर्टचे, म्हणजे केबल बसवायच्या खाचेजवळचे, दिवे त्या क्षणी सांगत असतात आणि रीस्टार्ट केल्यावर तो पुरावा जातो. आधी दोन्ही टोकांचे, म्हणजे कॉम्प्युटरचे आणि राऊटरचे, दिवे पाहून रंगासकट लिहून ठेवा. पोर्ट बहुधा टेबलामागच्या अंधारात असतं, म्हणून टॉर्च हाताशी हवा. दुसऱ्या मशीनवर चालवून पाहिलेली एक केबल हवी. नुसती नवी असून भागत नाही. शक्य असेल तर आणखी एक लॅपटॉप जवळ ठेवा. नेटवर्क अ‍ॅडॉप्टरचं (कॉम्प्युटरचा ज्याला ही केबल लागते तो भाग) मॅन्युअल मोबाइलवर उघडून ठेवा, कारण हिरव्या-नारिंगीचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

लिंकचा, म्हणजे जोडणी झाल्याचं दाखवणारा, दिवा लागलेलाच नसेल, तर केबल दोन्हीकडून काढून ‘टक’ आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. क्लिप तुटलेली असेल तर ती केबल बाजूलाच ठेवा. मग राऊटरचं दुसरं पोर्ट, मग खात्रीची केबल, शेवटी अ‍ॅडॉप्टर सेटिंगमध्ये डिसेबल तर नाही ना, ते बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे फार महत्त्वाचं.

दिवा आहे पण वेग रडतोय, ही तक्रार जास्त फसवी. गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएस वेगाला, केबलमधल्या आठही तारा लागतात, 100 एमबीपीएसला मात्र 1, 2, 3 आणि 6 या चारच पुरतात. उरलेल्यांपैकी एखादी तार तुटली की अनेक अ‍ॅडॉप्टर गुपचूप 100 वर उतरतात. नेट चालू राहतं, त्यामुळे केबलवर कुणाचा संशयच जात नाही. स्पीडच्या दिव्याचा रंग मात्र बहुधा बदललेला असतो. केबल दाराच्या फटीतून किंवा खुर्चीच्या चाकाखालून गेली आहे का, तेही जरूर बघा.

लिंक आहे, डेटाची ये-जा दाखवणारा दुसरा दिवा लुकलुकतोय, तरी नेट नाही? लिंकचा दिवा एवढंच सांगतो की दोन टोकांची गाठ पडली. पुढच्या इंटरनेटची हमी तो देत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) चालवा. तिथे दिसणारा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता, 169.254 ने सुरू होत असेल तर तो राऊटरकडून मिळालेला नाही. आता तीच केबल दुसऱ्या लॅपटॉपला लावा. त्याला पत्ता मिळाला तर दोष बहुधा तुमच्या मशीनच्या सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये (अ‍ॅडॉप्टर चालवणारं सॉफ्टवेअर), नाही मिळाला तर राऊटरच्या डीएचसीपीकडे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सोयीकडे, वळा.