ताई ची शिकताय? आधी या चुका टाळा

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी साडेसहाला आलात, तर जॉगिंग ट्रॅकवरच्या गर्दीपासून जरा बाजूला, एका झाडाखाली, आम्ही दहा-बारा जण अगदी सावकाश हात हलवत ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, करताना दिसू. त्यात पांढऱ्या केसांची, जाड सुती सलवार घातलेली बाई म्हणजे मी.

बँकेत ३० वर्षं कॅश सांभाळली. संध्याकाळी रोकड जुळेपर्यंत जबडा आवळून बसायचं, ही सवय इतकी मुरली की झोपेतही दातांवर दात घासले जायचे. झिजलेल्या दाढा पाहून दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, "ताई, काळजी कसली करता एवढी?" ताण माझ्या दाढांपर्यंत उतरला होता, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर ताई ची धरली. आता १६ वर्षं झाली, आणि गेली ९ वर्षं येईल त्याला शिकवते.

येणारी माणसं दमूनच आलेली असतात. कुणाची अंबडला तिन्ही शिफ्टची नोकरी, कुणाचं रोज द्वारका चौकात अडकणं, कुणाच्या घरी मुलीची बारावी आणि सासूबाईंचं पथ्य एकाच वेळी. त्यांना स्वस्थता हवी असते आणि ती लवकर हवी असते. त्या 'लवकर'पायी वर्षानुवर्षं त्याच त्या चुका होताना बघते आहे. आता एकदा लिहूनच काढते.

पंधरा दिवसांत चोवीस

ही माझ्या सर्वांत जिव्हारी लागणारी चूक, म्हणून हिच्यावर जास्त बोलणार आहे.

नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ते २४ वालं किती दिवसांत येईल?" हा २४ हालचालींचा क्रम चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये ताई चीच्या यांग या शैलीतून निवडून बांधला, सामान्य लोकांना शिकता यावा म्हणून. पूर्ण करायला पाच-सहा मिनिटं लागतात. सोपा म्हणून बांधला हे खरं, पण सोपा म्हणजे उरकायचा असा अर्थ लोक काढतात.

चार वर्षांपूर्वी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघणारे एक गृहस्थ आले. बेचाळिशीचे असतील. मोबाइलवर बघून १२ दिवसांत अख्खा क्रम पाठ केला होता. म्हणाले, "मॅडम, फक्त फिनिशिंग बघा." मी म्हटलं, करून दाखवा. त्यांनी केला, एकही हालचाल न विसरता. पण सगळा उलटा. व्हिडिओतला शिक्षक समोर तोंड करून उभा होता, त्यामुळे त्याचा डावा तो यांनी उजवा धरला होता. तेही चाललं असतं. खरी अडचण पायांत होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांचं वजन दोन्ही पायांवर अर्धं-अर्धं होतं. हात ढगांसारखे फिरत होते आणि खाली खांब रोवलेले. मी दोन बोटांनी खांद्याला नुसतं टेकवलं, तर ते दोन पावलं मागे गेले.

मग हळूच म्हणाले, "करताना एखादी स्टेप विसरली की इतकी चीड येते ना, की पुढचा दिवस खराब जातो." ज्या गोष्टीसाठी आले होते तिच्यातच त्यांनी टार्गेट घुसवलं होतं.

मी त्यांना सांगितलं की तीन आठवडे २४ विसरा. फक्त उभं राहा आणि एका पायातलं वजन दुसऱ्या पायात न्या. एका हंड्यातलं पाणी दुसऱ्या हंड्यात ओततो तसं: धार तुटू द्यायची नाही, आणि पहिला हंडा पूर्ण रिकामा झाल्याशिवाय उचलायचा नाही. भरलेला पाय आणि रिकामा पाय यांतला फरक ओळखणं, हे यांग चंगफू (१८८३–१९३६) यांनी सांगितलेल्या दहा मूळ सूत्रांपैकी एक. आज जगभर जी सावकाश, मोठ्या हालचालींची ताई ची दिसते, ती मुख्यतः त्यांच्यामुळे पसरली.

गृहस्थ चार दिवस आले आणि गायब झाले. दिवाळीनंतर परत उगवले. म्हणाले, रात्री दोन वाजता प्लँटमधून फोन आला आणि फोन उचलताना लक्षात आलं की दोन्ही खांदे कानाला भिडलेत. ते खाली सोडले आणि मग बोलायला सुरुवात केली. मशीन बंद पडलंच होतं, ते काही बदललं नाही. पण आधी हे लक्षातच आलं नसतं, असं ते म्हणाले. आता ते नियमित येतात. ८ हालचाली येतात त्यांना. चार वर्षांत ८, आणि त्या आठही खऱ्या.

माझी स्वतःची पद्धत: एका महिन्यात एकच नवीन हालचाल. पुढे जायचं की नाही हे मी एका गोष्टीवरून ठरवते. कुठल्याही क्षणी थांबा म्हटलं, तर रिकामा पाय शरीर न कलता उचलता येतो का? येत नसेल तर तीच हालचाल पुढच्या महिन्यात. व्हिडिओ बघायचाच असेल तर शिक्षकाची पाठ आपल्याकडे असलेला बघा. आणि तोही घरी बघा. मैदानावर मोबाइल झाडाला टेकवून ठेवणाऱ्यांना मी तो पिशवीत ठेवायला लावते.

गुडघा पिळणे

ही दुसरी, आणि ही मी स्वतः केलेली.

दुसऱ्या वर्षी मला खाली बसण्याचं वेड लागलं. हनान प्रांतातलं चेनजियागोऊ हे ताई चीचं मूळ गाव मानलं जातं. तिथल्या गुरूंचे फोटो पाहिले होते, मांड्या जवळजवळ जमिनीला समांतर. आपलंही तसंच दिसायला हवं म्हणून घरी हॉलमधल्या फरशीवर 'एकेरी चाबूक' नावाची हालचाल खूप खाली जाऊन करत होते. सगळं वजन डाव्या पायावर, पाऊल फरशीला चिकटलेलं, आणि मी कंबरेतून वळायच्या ऐवजी वरून सगळं अंग वळवलं. आत कट् झालं. दुखलं फारसं नाही, म्हणून सोडून दिलं. रविवारी पाहुण्यांना घेऊन पांडवलेणीला गेले. चढताना काही वाटलं नाही. उतरताना अर्ध्यावर गुडघा अडकला, सरळच होईना. भाच्याच्या खांद्यावर भार टाकून एकेक पायरी उतरले. आतल्या कूर्चेच्या गादीला इजा झाली होती. तीन महिने सगळं बंद.

कारण समजून घ्या, मग चूक आपोआप कमी होते. गुडघा हा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा सांधा. वाकणं आणि सरळ होणं हे त्याचं काम, गोल फिरणं अगदी थोडं. गोल फिरायचं काम खुब्याचं, कारण तिथे उखळीत गोळा बसावा तसा सांधा आहे. पाऊल वजनाखाली दबलेलं असताना तुम्ही वळलात आणि खुबा सैल नसेल, तर तो पीळ जायला जागा एकच उरते.

म्हणून पाऊल वळवायचं असेल तर आधी वजन मागच्या पायावर घ्या. पुढचा चवडा उचला, टाचेवर साधारण ४५ अंश फिरवा, टेकवा आणि मग वजन पुढे आणा. 'रानघोड्याची आयाळ विंचरणे' या हालचालीत हे दोनदा येतं आणि दोन्ही वेळा लोक ते गाळतात, कारण मागे जाणं म्हणजे वेळ घालवणं वाटतं. तो वेळ घालवायचाच आहे. ताई चीतला निम्मा फायदा त्या मागे जाण्यात आहे असं माझं ठाम मत आहे.

गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला राहू द्या, आत झुकू देऊ नका. गुडघा बोटांच्या पुढे नेऊ नका. दोन पावलांत खांद्याएवढं आडवं अंतर ठेवा, नाहीतर दोरीवर चालल्यासारखं होतं आणि तोल सांभाळण्यातच सगळं लक्ष जातं. किती खाली बसायचं? जेवढं बसून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा बोलणार नाही तेवढं. बहुतेकांना चार बोटं पुरतात. इतकं वरच्यावर करूनही मांड्या थरथरल्या तर घाबरू नका, स्नायूंना काम मिळतंय. सांध्यात टोचलं तर मात्र त्या दिवशीपुरतं थांबा.

श्वासाला हुकूम सोडणे

प्राणायाम करून आलेले लोक पहिल्या दिवसापासून चार मोजून घेतात, चार रोखतात, आठ मोजून सोडतात आणि वर हालचालही करतात. मग तिसऱ्या मिनिटाला बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याचा हा परिणाम. प्राणायामाची जागा वेगळी आहे, ती पाटावर बसून. इथे पहिले सहा महिने श्वासाकडे बघूच नका. तोंड मिटलेलं, जीभ टाळूला हलकीच टेकलेली, पोट मोकळं. पोट आत ओढून छाती काढून उभं राहायची सवय आधी सोडा. हालचाल खरोखर सावकाश झाली की उच्छ्वास आपसूक लांबतो, आणि उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके जरा मंदावतात. शरीराची ही सोय आधीपासूनच आहे. मधे न लुडबुडणं एवढंच आपलं काम.

सावकाश, पण ताठ

बाहेरून संथ आणि आतून ब्रेक दाबून चालवलेली गाडी, असं पुष्कळांचं होतं. हाताच्या मुठी आवळलेल्या, अंगठा ताठ, कपाळावर आठ्या. माझा उपाय साधा आहे: सुरुवातीला हात वर नेताना मनगटाला कुणीतरी दोरी बांधून वर ओढतंय असं समजा, आणि खाली आणताना कोपर आधी खाली पडू द्या. कोपर पडलं की खांदा पडतो. दिवसात शंभर वेळा खांदे तपासा. सिग्नलला थांबलात की स्टिअरिंगवरची पकड बघा. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणलेले आहेत, त्यामुळे संधी भरपूर मिळते.

काही चुका एकेका ओळीत. नजर पावलांवर ठेवू नका, मान झुकते आणि तोल जातो. जाड, गुबगुबीत तळव्याचे रनिंगचे बूट नकोत, जमीन कळत नाही. सपाट तळव्याचे साधे कॅनव्हासचे बूट घ्या. किती कॅलरी जळल्या हे मनगटावरच्या घड्याळात बघणं बंद करा. मिसळ खाऊन येऊ नका, नंतर जा, आम्हीही जातो. आणि शेवटची हालचाल झाल्याबरोबर गाडीच्या किल्ल्या काढू नका. एक मिनिट नुसते उभे राहा. हे एक मिनिट टाळणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवण करते, तिसऱ्या दिवशीही करते.

आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडणे

"मन शांत होतच नाही, उलट जास्त विचार येतात." पहिल्या पंधरवड्यात हे बहुतेक प्रत्येक जण म्हणतो. विचार आधीही तेवढेच होते, धावपळीत त्यांचा आवाज ऐकू येत नव्हता. अशा वेळी मी त्यांना तळव्यावर लक्ष ठेवायला सांगते: वजन आता टाचेवर आहे की चवड्यावर? विचार येऊ दे, तळवा सोडू नका.

मुदत म्हणाल तर गुडघ्याच्या संधिवातावर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २०४ रुग्ण होते. आठवड्यातून दोनदा ताई ची, असे १२ आठवडे करणाऱ्या गटाला फिजिओथेरपी घेणाऱ्या गटाइतकाच आराम पडला. बारा आठवडे. मी नव्या माणसाकडून तीन महिन्यांचा शब्द घेते, आणि देत नसेल तर प्रेमाने सांगते की आत्ता तुम्ही नुसतं चालायला जा, तेही चांगलंच आहे. रोजची १५ मिनिटं मला रविवारच्या दोन तासांपेक्षा जास्त पटतात.

याची दुसरी बाजूही सांगते. आमच्यातल्या एका काकांना दोन महिन्यांत इतकं बरं वाटलं की त्यांनी बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद केली. आठव्या दिवशी बीपी इतकं चढलं की दवाखान्यात दाखल करावं लागलं. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमीही करू नका. तसंच, आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर आधी मानसोपचार तज्ज्ञांकडे जा. मैदान कुठे जात नाही.

आता थंडीचं. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा पेपरात यायला लागला की आम्ही साडेसहाऐवजी सातला जमतो. आधी पाच मिनिटं साधं चालायचं, घोटे आणि खुबे गोल फिरवायचे, तळहात चोळून गुडघ्यांवर ठेवायचे. स्वेटर अंगातच असू द्या. घाम येईपर्यंत काढायचा नाही, आणि ताई चीत घाम क्वचितच येतो.