प्रदर्शनात मॉडेल मांडताय? आधी टेबलासमोर गुडघ्यावर बसून बघा

माझं पहिलं तुटलेलं मॉडेल मिग-२१ होतं, १/७२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, जेमतेम वीतभर. या विमानाच्या नाकावर एक लांब सळई असते, पिटॉट ट्यूब, विमानाचा वेग मोजायला. मॉडेलवर ती दोन-तीन सेंटीमीटरची आणि सुईएवढी जाड, आणि नेमकी टेबलाच्या कडेकडे तोंड करून. एक चार वर्षांचा मुलगा आला, त्याने काही ओढलं नाही, आपटलं नाही, फक्त बोट लावून बघितलं की ही खरी आहे का. टक्. त्याची आई इतकी ओशाळली की मलाच तिची समजूत काढावी लागली.

नंतर शांत डोक्याने विचार केला तेव्हा लक्षात आलं की चूक पोराची नव्हतीच. आपल्याकडच्या मुलाने मॉडेल म्हणून पहिल्यांदा काय बघितलेलं असतं तर दिवाळीचा किल्ला. तिथे मावळे रोज उचलून इकडून तिकडे ठेवायचे असतात, तोफ फिरवायची असते, विहिरीत पाणी ओतायचं असतं, बुरुजापेक्षा मावळा उंच असला तरी कुणाची तक्रार नसते. सगळी मजा हात लावण्यातच. आणि अचानक एका हॉलमध्ये त्याला तसलंच काहीतरी दाखवून आपण म्हणतो, हात मागे बांध. कसं जमणार?

म्हणून माझा सगळा जोर दोन गोष्टींवर असतो. हात पोचणार नाही अशी मांडणी, आणि हाताला दुसरं काहीतरी काम. पाट्या, ओरडणं, डोळे वटारणं हे सगळं करून झालंय, उपयोग शून्य. पाटी वाचता येते तो मोठा माणूस आणि तोच जास्त वेळा "हे प्लास्टिक आहे का हो?" म्हणत पंख दाबून बघतो, ते वेगळंच.

आता टेबलापासून सुरुवात. हॉलमध्ये जी टेबलं मिळतात ती डेकोरेटरची, लग्नातली, साधारण अडीच फूट उंच. चार वर्षांच्या मुलाची हनुवटी बरोबर त्याच्या कडेला येते. मांडणी झाली की टेबलासमोर गुडघ्यावर बसा आणि हात लांब करून बघा कुठपर्यंत जातो, लोक हसतील, हसू देत. तुमचा हात पोराच्या हातापेक्षा लांब असतो त्यामुळे हिशोब आपोआप सुरक्षित बाजूला येतो. माझा नियम असा की नाजूक काहीही पुढच्या कडेपासून दीड-दोन फुटांच्या आत नको. एका टेबलाची रुंदी पुरत नाही म्हणून मी आयोजकांना आधीच फोन करून दोन टेबलं एकामागे एक मागतो, आयत्या वेळी मागितली तर मिळत नाहीत.

बरेच जण उलट करतात, पोरांचा हात पोचू नये म्हणून खोक्यांवर खोकी रचून मॉडेलं उंच चढवतात. नका करू. मुलाला दिसलं नाही की तो टेबलाची कड धरून टाचा उंच करतो आणि मग सगळं वजन कडेवर, किंवा बाबा त्याला उचलून घेतात आणि बाबांच्या कडेवरून त्याचा हात थेट तुमच्या मागच्या रांगेत. उंच नाही, मागे न्यायचं. कमी उंचीवर, नीट दिसेल असं, पण मागे.

टेबलावरचं ते साटीनचं कापड हा सगळ्यात मोठा शत्रू. झालरीसकट जमिनीपर्यंत लोंबत असतं, लहान मूल पडताना सगळ्यात आधी तेच धरतं आणि कापडाबरोबर अख्खा ताफा खाली. मी कापड सरळ वर दुमडून टेबलाच्या खालच्या बाजूला क्लॅम्पने आवळतो, दिसायला थोडं उघडंबोडकं दिसतं पण चालतं. झालर पाहिजेच असेल तर वेगळी पट्टी टेबलाच्या कडेला चिकटवा, वरच्या कापडाशी तिचा संबंध नको, म्हणजे ओढली तरी नुसती झालर हातात येईल. आणि फोल्डिंग टेबलाच्या पायांचं लॉक एकदा स्वतः खाली वाकून तपासा, "बसलंय साहेब" यावर विश्वास ठेवू नका. पाय डुगडुगत असेल तर पेपरची घडी.

मॉडेल सुटं कधीच ठेवायचं नाही. सुताराकडून बारा एमएमच्या एमडीएफचे, म्हणजे लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीचे, तुकडे कापून घ्या, मॉडेलपेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठे, हाच बेस. विमानाच्या टायरला खालून बारीक भोक पाडून त्यात पितळी तार बसवायची आणि तीच तार बेसमध्ये उतरवायची, वरून काही दिसत नाही. रणगाडा असेल तर खालून स्क्रू, आतून नट, बांधतानाच सोय करून ठेवली तर सोपं जातं. बेसच्या खाली चार कोपऱ्यांना ब्लू टॅक, म्हणजे परत काढता येणारा चिकट लगदा. एवढं केलं की धक्का लागला तरी मॉडेल जागेवर राहतं, आणि मुख्य म्हणजे कुणी उचलायला गेलं तर बेस जड लागतो आणि तो माणूस थबकतो. मुलाच्या कोपरापेक्षा मोठ्यांच्या खांद्याला लटकलेल्या पर्सने माझी जास्त विमानं पाडलीत, तेव्हाही हेच कामाला येतं.

अॅक्रिलिकची पेटी हा खरा उपाय, पण सगळ्यांना पेटी करत बसू नका, खिसा रिकामा होईल. नवी विमानवाहू विक्रांत २६२ मीटर लांब आहे, म्हणजे १/३५० मध्ये पाऊण मीटर झाली, तिची पेटी करायची म्हणजे वेगळाच प्रोजेक्ट. मी पेट्या फक्त अशा मॉडेलना करतो जी परत दुरुस्त होणार नाहीत, म्हणजे दोरखंडवाली जहाजं, फोटोएचचं, म्हणजे पातळ पत्र्यातून कोरलेलं, रेलिंग, बायप्लेनच्या, म्हणजे दुहेरी पंखांच्या विमानाच्या, तारा. साइनबोर्ड करणाऱ्याकडे तीन एमएमची शीट मापात कापून आणि जोडून मिळते, पाच बाजूंची पेटी, तळ उघडा, आणि बेसला खाच पाडून ती खाचेत बसवायची म्हणजे सरकत नाही. छोट्या मॉडेलना, १/७२ चे रणगाडे वगैरे, केकचे पारदर्शक डबे मस्त चालतात, हसू नका, मी तीन वर्षं वापरतोय.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. सुपरग्लूने काही चिकटवलं असेल तर लगेच पेटीत बंद करू नका, त्याची वाफ आत कोंडते आणि काचेवर, रंगावर पांढरट थर धरतो, एक रात्र उघडं राहू द्या. दुसरं, अॅक्रिलिक कोरड्या फडक्याने घासू नका. घासलं की स्टॅटिक चार्ज येतो आणि हॉलमधली सगळी धूळ तुमच्याच पेटीवर. ओलसर मऊ फडकं, बास. पोरांच्या नाकाचे आणि ओठांचे ठसे दर तासाला पुसायचे असतात, वेफर्सच्या तेलासकट.

पेटी परवडत नसेल तर टेबलाच्या पुढच्या बाजूला फूटभर उंचीची एक उभी शीट, खाली पाय लावून. अर्धं काम होतं. दोरी मात्र बांधू नका. खांब आणि दोरी दिसली की पोरं झोका घेतात आणि मग खांबच टेबलावर येतो, बघितलंय मी.

नाजूक भाग आधीच बदलून ठेवा. माझ्या मिगची प्लास्टिकची पिटॉट आता पितळेची आहे, बाजारात अशा तयार नळ्या मिळतात, नाहीतर गिटारची तार कापून लावा. काही जण इंजेक्शनची सुई वापरतात, छान दिसते, पण टोक कापून कानशीने पार बोथट केल्याशिवाय तसलं मॉडेल मुलांच्या गर्दीत नेऊच नका. अँटेना, आरसे, मशीनगनच्या नळ्या, हे सुटं ठेवून हॉलमध्ये लावता आलं तर उत्तम. मॅट रंगावर बोटाचं तेल लागलं की तिथे चकाकी येते, म्हणून प्रदर्शनाला न्यायच्या मॉडेलवर मॅट वार्निशचा एक हात जास्तीचा.

आणि हे उलट्या बाजूने पण बघा. मुलापासून मॉडेल वाचवायचं तसंच मॉडेलपासून मूलही वाचवायचं असतं. बॉम्ब किंवा कॅनोपी, म्हणजे पायलटवरची काच, काढघाल करता यावी म्हणून आपण बारीक पण जबर ताकदीचे निओडायमियम मॅग्नेट लावतो. ते सुटून दोन-तीन मुलाच्या पोटात गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि प्रकरण थेट ऑपरेशनवर जातं. मॅग्नेटवालं मॉडेल पेटीबाहेर नाही, हा माझ्याकडे एकमेव कडक नियम आहे. जुने धातूचे सैनिक शिशाचे असू शकतात, ते पण हाताळायला द्यायचे नाहीत. कटर, ब्लेड, थिनर टेबलाखालच्या पिशवीत नको, मूल टेबलाखाली शिरतंच.

आता दुसरा भाग, हाताला काम. हॅम्बुर्गला मिनिएचर वंडरलँड म्हणून रेल्वेचं प्रचंड मोठं मॉडेल आहे, २००१ साली सुरू झालं, १:८७ स्केल. तिथे बघणाऱ्यांसाठी दोनशेच्या वर बटणं आहेत, दाबलं की कुठेतरी काहीतरी हलतं. एक बटण दाबलं की चॉकलेटची फॅक्टरी चालू होते आणि खरंखुरं चॉकलेट बाहेर येतं. बोट बटणावर असलं की ते रुळावर जात नाही, इतकं साधं आहे. आपल्याकडे कुणी एचओ गेजचं, म्हणजे याच १:८७ स्केलचं, रेल्वे लेआउट आणत असेल तर दोन बटणं पुढे काढा, एक सिग्नल, एक फाटक. बारा व्होल्टच असतात त्यामुळे शॉकची भीती नाही. आणि बोगद्याचं तोंड प्रेक्षकांच्या बाजूला कधीच ठेवू नका, आत हात घातल्याशिवाय पुढे गेलेलं पोर मी बघितलेलं नाही.

ज्यांच्याकडे नुसती स्थिर मॉडेलं आहेत त्यांनी कडेची दीड फूट मोकळी जागा हात लावायची जागा करावी. तिथे ठेवायचं काय तर बिघडलेली, जुनी, रंग उडालेली मॉडेलं, चाकं फिरणारा एखादा डायकास्ट, म्हणजे ओतीव धातूचा, ट्रक, आणि एक अख्खी न कापलेली पार्टची फ्रेम. ही फ्रेम सगळ्यात जास्त चालते. "हे असं येतं, मग कापायचं, मग जोडायचं, मग ते तिकडचं होतं" एवढं दाखवलं की मूल पाच मिनिटं एकेक पार्ट मागच्या विमानावर डोळ्यांनी शोधत बसतं. एक मोठं भिंग दोरीने बांधून ठेवा. भिंग हातात असलं की हात गुंततो, हे मी एका सहकाऱ्याकडून शिकलो आणि तेव्हापासून माझं नुकसान निम्म्यावर आलं.

शोधायला सांगा काहीतरी. पायलटच्या हेल्मेटचा रंग कुठला, या रणगाड्यावर बादली कुठे लटकवलीय. मिग-२१ आपल्या हवाईदलात १९६३ पासून होतं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगढला निवृत्त झालं, त्यामुळे आता प्रत्येक बाबा मुलाला त्याच्यासमोर आणून उभा करतोच, मग मी विचारतो, याचं नाक आणि त्या शेजारच्या मिराजचं नाक, हवा कुठून आत जाते सांग. मिगची नाकातून, मिराजची बाजूंनी. मुलं सांगतात, बाबांना वेळ लागतो.

"हात नको लावू, काका ओरडतील" हे वाक्य ऐकलं की मी लगेच म्हणतो, काका नाही ओरडणार, इकडे ये, याला हात लाव. कारण घाबरलेलं मूल आपण वळलो की पटकन हात लावून घेतं, आणि घाईतला हात जास्त तोडतो.

शाळेची सहल येणार असेल तर आधी बाईंना गाठा, चाळीस मुलांची रांग एकदम सोडू नका, दहा-दहा करून, आणि मागच्याला ढकलायला जागा नको म्हणून रांग टेबलाला समांतर नेण्याऐवजी एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. रविवारी संध्याकाळी पाचनंतर एकट्याने टेबल सांभाळणं अशक्य, दोघं हवेतच, आणि त्यातला एक टेबलाच्या पुढे उभा. मागे खुर्चीत बसून मोबाईल बघणारा माणूस म्हणजे रिकामं टेबल.

तुटलंच तर? खिशात झिपची छोटी पिशवी ठेवा, तुटलेला तुकडा आधी त्यात, मग बाकी सगळं. तिथल्या तिथे चिकटवायच्या भानगडीत पडू नका, गर्दीत सुपरग्लूची ट्यूब उघडणं म्हणजे दुसरा अपघात. चिमटा, टूथपिक, ब्लू टॅक, छोटा टॉर्च, एवढं पुरतं. पैसे मागू नका, पालक देऊ करतात तरी नको.

सगळ्यात जास्त मोडतोड शेवटच्या अर्ध्या तासात होते. आपण पेट्या काढलेल्या असतात, बेस सोडवलेले असतात, आणि तेव्हाच कुणीतरी "दोनच मिनिटं, लांबून आलोय" करत दोन मुलांना घेऊन येतं. हॉल रिकामा होईपर्यंत पेटी काढायची नाही. आधी हात लावायच्या जागेवरचं सामान मोजून भरा. डायकास्ट ट्रकचं एखादं चाक कमी भरतंच, ते कुणाच्या तरी खिशातून घरी गेलेलं असतं, टेबलाखाली शोधत बसू नका, डेकोरेटरची माणसं कापड ओढायला उभीच असतात.