घरच्या घरी कॅम्पिंग ट्रेलर बांधताय? आराखड्यातल्या या चुका टाळा

गाडीत कडबा भरताना आजोबा मधूनच खाली उतरायचे आणि जू हाताने उचलून बघायचे. जू फार हलकं लागलं की वर बसलेल्यांना ओरडायचे, "उलाळ झाली रे, पुढं सरकवा." पुढे कमी आणि मागे जास्त भार, तर बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं जातं, एवढं साधं गणित. अमेरिकेतल्या कोलंबस शहरी, आमच्या गॅरेजमध्ये ट्रेलरचा आराखडा काढताना मला ते आठवायला हवं होतं. आठवलं कधी, तर वेस्ट व्हर्जिनियात न्यू रिव्हर गॉर्जकडे जाताना, लांबलचक उतारावर ट्रेलर शेपूट हलवायला लागला तेव्हा.

आमचा ट्रेलर म्हणजे अमेरिकेत १९३०च्या दशकापासून चालत आलेला 'टिअरड्रॉप', म्हणजे अश्रूच्या थेंबाच्या आकाराचा, प्रकार. ८ बाय ५ फुटांची तयार लोखंडी चौकट, वर प्लायवुडची पेटी, आत झोपायची जागा आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकघर. कागदावर तो इतका देखणा दिसत होता की तीन महिने आम्ही फक्त कप्पेच काढत होतो. ट्रेलर ही खोली नाही, गाडी आहे, हे मात्र आम्ही विसरलो. पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच झाल्या.

सगळं वजन मागे

स्वयंपाकघर मागे म्हटल्यावर आम्ही १० गॅलन पाणी (३८ किलो), बर्फाने भरलेला कूलर (२० किलो) आणि भांडीकुंडी, शेगडी (१४ किलो) सगळं तिथेच ठेवलं. झाले ७२ किलो. भरलेला ट्रेलर साधारण ६०० किलोचा. पुढच्या दांडीचा मोटारीच्या हुकवर पडणारा दाब, ज्याला इथे टंग वेट म्हणतात, तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. म्हणजे आमच्यासाठी ६० ते ९० किलो.

रिकामा असताना दाब ६२ किलो भरला होता, म्हणून आम्ही निर्धास्त. पण अ‍ॅक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) मागे ठेवलेली प्रत्येक वस्तू दांडी उचलते. किती, ते काढायला वस्तूच्या वजनाला तिच्या अ‍ॅक्सलपासूनच्या अंतराने गुणा आणि अ‍ॅक्सल ते हुक या अंतराने भागा. आमचं सामान अ‍ॅक्सलच्या अडीच फूट मागे, हुक ९ फूट पुढे. ७२ गुणिले अडीच भागिले ९, म्हणजे २० किलो वजा. उरले ४२. सात टक्के! उलाळच की.

उतारावर ट्रेलर डोलायला लागला तर जोरात ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग इकडेतिकडे फिरवू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. बायको शेजारी बसून काय बोलत होती ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उपाय घरी आल्यावर सापडला आणि ट्रेलर तोडावाही लागला नाही. पाण्याचे कॅन बिछान्याखाली, अ‍ॅक्सलच्या फूटभर पुढे आणले. त्याने दाब ५७ झाला. पाणी अ‍ॅक्सलजवळ असण्याचा दुसरा फायदा असा, की ते वापरून संपलं तरी तोल फारसा बिघडत नाही. मग कूलर उचलून पार पुढे, दांडीवरच्या पेटीत ठेवला, अ‍ॅक्सलपासून ७ फूट. काटा ७८ वर, म्हणजे १३ टक्के. आपल्या मोटारीचा हुक किती दाब पेलतो तेही बघा. सगळ्यात हलक्या, क्लास वन हुकची मर्यादा २०० पौंड, म्हणजे ९० किलो.

हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. बाथरूममधला वजनकाटा सपाट जमिनीवर ठेवा, चाकांना अडण लावा आणि हुकच्या उंचीवर दांडी ठोकळ्याने काट्यावर टेकवा. काट्याला भार झेपणार नसेल तर एक फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, मध्ये ३ फूट अंतर. दांडी विटेपासून १ फुटावर टेकवा. काट्यावरचा आकडा गुणिले तीन. फळीचं स्वतःचं वजन आधी वजा करायला विसरू नका. आणि हे सगळं सामान भरल्यावर करायचं, आमच्यासारखं रिकाम्या ट्रेलरवर नाही.

गादीचं माप बघून चौकट घेणे

क्वीन गादी ६० इंच रुंद, चौकट ५ फूट. पत्रिकाच जुळली म्हणायची! पण दोन्ही बाजूंचं पाऊण-पाऊण इंचाचं प्लायवुड चौकटीच्या आत उभं राहिलं की उरतात साडेअठ्ठावन्न, आणि थंडीसाठी आतून फोम लावला की आणखी कमी. आम्ही शेवटी गादी कापली.

लांबीची गंमत आणखी वेगळी. ९६ इंचांतून ८० गादीला गेले, उरलेल्या १६त ओटा मावत नाही. म्हणून स्वयंपाकघराचे वरचे कप्पे झोपणाऱ्याच्या पायांवर येतात. सगळेच तसं करतात, त्यात वावगं काही नाही. पण आम्ही गादी आणि कप्पा यांच्यात ९ इंच सोडले होते. उताणं झोपल्यावर माझं पाऊल उभं १० इंच भरतं. पहिल्या रात्री प्रत्येक कूस बदलताना अंगठा प्लायवुडवर आपटत होता. पांघरूण धरून निदान १४ इंच सोडा.

बसण्याची उंची मोजतानाही गादीची जाडी धरा. आणि दोन्ही बाजूंना दार ठेवा. एकच दार असलं की आतल्या बाजूच्या माणसाला रात्री दुसऱ्याला तुडवत जावं लागतं. दार कापण्याआधी चाकावरचं मडगार्ड कुठे येतंय ते मात्र बघा, नाहीतर दार अर्धंच उघडतं.

यातल्या निम्म्या चुका निळ्या चिकटपट्टीच्या एका गुंडाळीत टळल्या असत्या. गॅरेजच्या फरशीवर खऱ्या मापाचा ट्रेलर आखा, कप्प्यांच्या जागी खोकी रचा, छताच्या उंचीवर दोरी बांधा, जुनी गादी टाका आणि दोघंही आडवे व्हा. मग दिवा घालवून रात्री दोनला लघवीला उठायचं नाटक करा. चपला कुठे आहेत? टॉर्च? चष्मा? जे सापडत नाही त्याला आराखड्यात जागा नाही, असं समजा. शेजाऱ्याने बघितलं तर बघू दे.

मागे उघडणारे ड्रॉवर

मागच्या ओट्याचे ड्रॉवर मागेच उघडणार. सिग्नल सुटला, मोटारीने वेग घेतला की तेही उघडतात. आमचा मिसळणाचा डबा असाच निसटला. मुक्कामी झाकण उचललं तर ओट्यावर, शेगडीवर, बायकोच्या रेनकोटवर हळद. प्लायवुडच्या सांध्यात ती अजून आहे. साधं लोहचुंबकाचं कुलूप पुरत नाही. दाबून उघडणारी खिट्टी किंवा सरळ आडवी पट्टी लावा. त्या झाकणाला कडेने रबरही हवंच. चालत्या ट्रेलरच्या मागे हवा आत ओढली जाते, आणि कच्च्या रस्त्याची सगळी धूळ पोह्यांत येते.

हवेची जागा न सोडणे

गॅसची शेगडी झोपायच्या जागेत कधीही पेटवू नका, थंडी कितीही असो. जळण्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म आत लावाच. शेगडीचा गॅस, प्रोपेन, हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरची पेटी बाहेर आणि तिला तळाला भोकं हवीत.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी गादी उचलली तर खालचं प्लायवुड ओलंगच्च. आम्हाला वाटलं छत गळतंय, म्हणून सगळे सांधे पुन्हा सीलंटने भरले. गळत काहीच नव्हतं. तो आमचाच श्वास आणि घाम, थंड लाकडावर पाणी होऊन बसलेला. गादीखाली फटी सोडून पट्ट्या टाकल्या, छतातला पंखा मंद चालू ठेवला, खिडकी बोटभर उघडी, मग ओल थांबली. पंखा-दिव्यांची बॅटरी तोलासाठी पुढे दांडीवर हलवली तर मागच्या दिव्यांची तार लांबते, तेव्हा तार जाड घ्या आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत बसवा.

कूलर पुढे आणि ओटा मागे असल्यामुळे पावसात दह्यासाठी ट्रेलरला पूर्ण वळसा घालावा लागतो. ती फेरी माझ्या वाट्याला आली आहे.