हरणाच्या रायफलसाठी स्कोप घ्यायचाय आणि बजेट ३०० डॉलर आहे, तर हे वाचा

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी पेनसिल्व्हेनियात रायफलचा डीअर सीझन उघडतो आणि त्याच्या महिनाभर आधीपासून आपल्या मराठी ग्रुपमधे कुणी ना कुणी विचारतंच की स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची नेमाची दुर्बीण, कुठला घेऊ. सोबत एक लिंक असते, ८० डॉलरचा ६-२४x५० स्कोप, लाल-हिरवा दिवा, वर लेझर, सगळं एकात. तो घेऊ नका. का ते सांगतो.

आधी आकडे समजून घ्या. ३-९x४० म्हणजे झूम ३ पट ते ९ पट आणि पुढची लेन्स ४० मिलिमीटरची, बस. आता ४० ला ९ ने भागा, साधारण साडेचार येतात, म्हणजे ९ वर डोळ्यापर्यंत साडेचार मिलिमीटर जाडीचा उजेड पोचतो, आणि झूम ५ वर आणला की तोच ८ होतो. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढलं की कमी. मग त्या ६-२४x५० चं २४ वर काय होतं बघा, जेमतेम २ मिलिमीटर, दुपारी रेंजवर झकास दिसेल पण संध्याकाळी झाडीत काळोख. आणि हरीण बाहेर येतं ते नेमकं उजाडताना नाहीतर मावळतीला, इथे डीअरसाठी वेळही सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते. पूर्वेकडच्या जंगलात बहुतेक नेम १०० यार्डाच्या आतच लागतात, तिथे २४ पट झूम करून हरणाच्या अंगावरचे केस मोजायचेत का?

त्यामुळे माझं सरळ मत, पहिली रायफल .३०८, .२७० किंवा .२४३ कॅलिबरची असली तर ३-९x४० घ्या, दाट झाडीतच बसणार असाल तर २-७ सुद्धा चालेल. ५० ची लेन्स उगाच घेऊ नका, तिला उंच रिंग, म्हणजे स्कोप धरणाऱ्या कड्या, लागतात, स्कोप वर जातो आणि मग गाल स्टॉकवर, म्हणजे रायफलच्या दस्त्यावर, नीट टेकत नाही, मान उचलून बघावं लागतं.

ब्रँडबद्दल फार भांडण्यात अर्थ नाही. व्होर्टेक्सचा क्रॉसफायर टू साधारण १५० ते २०० मधे मिळतो, ल्यूपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम ३०० च्या आसपास, मधे बरिसचा फुलफील्ड आहे, सेलमधे किमती बऱ्याच खाली येतात. दोनशेच्या खालचा आणि तीनशेचा यात फरक मुख्यतः संध्याकाळच्या शेवटच्या काही मिनिटांत आणि वजनात कळतो. व्होर्टेक्सची वॉरंटी आयुष्यभराची आणि मालक बदलला तरी चालू राहते, म्हणून सेकंडहँड घ्यायला तो बरा. निकॉनने रायफल स्कोप बनवणं बंद केलंय पण जुना प्रोस्टाफ स्वस्तात आणि चांगल्या अवस्थेत मिळाला तर सोडू नका. फक्त ल्यूपोल्ड अनोळखी विक्रेत्याकडून अर्ध्या किमतीत मिळत असेल तर सावध, त्यांच्या नकली मालाचा बाजार मोठा आहे.

दुकानात गेलात तर काउंटरच्या ट्यूबलाइटखाली बघून काही कळत नाही, तिथे सगळेच स्कोप लख्ख दिसतात. विनंती करून दारापाशी जा आणि लांबच्या सावलीतल्या कोपऱ्यात बघा, कडेला चित्र फाटतंय का, धुरकट होतंय का. बॉक्सवर फुली मल्टी-कोटेड, म्हणजे काचांवर उजेड आत सोडणारे अनेक थर, असं लिहिलेलं असावं, नुसतं कोटेड म्हणजे काहीही असू शकतं. आणि आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि स्कोप यातलं अंतर, साडेतीन-चार इंच तरी पाहिजे, नाहीतर झटका बसला की स्कोपची कड भुवईत घुसते आणि अर्धचंद्राची खूण घेऊन सोमवारी ऑफिसात जावं लागतं. रेटिकल, म्हणजे आत दिसणारी नेमाची फुली, साधं ड्यूप्लेक्स घ्या, बाहेर जाड आणि मधे बारीक रेघ, कमी उजेडात तेच दिसतं. खाली लांबच्या अंतरांसाठी ठिपक्यांची माळ असलेलं बीडीसी घेतलंत तर लक्षात ठेवा, या किमतीच्या बहुतेक स्कोपमधे ते ठिपके सगळ्यात जास्त झूमवरच खरे असतात, ५ वर ठेवून २०० यार्डाचा ठिपका वापरला तर गोळी भलतीकडे.

आता जिथे लोक हमखास कंजुषी करतात ती गोष्ट, रिंग आणि रिंग ज्यावर बसतात तो बेस. बजेटमधले ४०-६० डॉलर यांच्यासाठी आधीच बाजूला काढा. तीनशेचा स्कोप दहाच्या रिंगमधे बसवून मग झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळणी, टिकत नाही म्हणून स्कोपला शिव्या घालायच्या याला काय अर्थ? रिंग ट्यूबच्याच मापाची, एक इंची ट्यूबला एक इंची, ३० मिलिमीटरला ३० ची, आणि बेस तुमच्या रायफलच्या मॉडेलचाच. स्क्रू इंच-पाउंडच्या टॉर्क रेंचने रिंगवाल्याने सांगितलेल्या आकड्यापर्यंतच आवळा, जास्त आवळून ट्यूब चेपली तर वॉरंटीवाले विचारणार. शिवाय ओरखडे पडलेला स्कोप बरीच दुकानं परत घेत नाहीत, म्हणून काच बघायची ती बसवायच्या आधी. बसवताना रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, सीझनमधे घालणार तेच जाड जॅकेट घाला, झूम पूर्ण वाढवा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि उघडा, पूर्ण गोल दिसायला पाहिजे, कडेला काळी सावली आली तर स्कोप पुढे-मागे सरकवा.

झिरो करताना २५ यार्डापासून सुरू करा नाहीतर १०० वर कागदालाच गोळी लागत नाही आणि दारूगोळा उगाच संपतो. पाव एमओएच्या स्कोपला, म्हणजे ज्याची एक क्लिक १०० यार्डावर साधारण पाव इंच सरकते त्याला, २५ यार्डावर एक इंच सरकवायला १६ क्लिक लागतात, १०० वर फक्त ४. मग १०० यार्डावर तीन-तीन गोळ्यांचा ग्रुप बघून सरकवत जा, एकेका गोळीच्या मागे धावू नका. .३०८ ला १०० वर दीड-दोन इंच वर ठेवलं की २०० च्या आसपास बरोबर येतं. शेवटी २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे फिरवा आणि पुन्हा गोळी झाडा, जुन्याच जागी आली तर स्कोप ठीक, नाहीतर वॉरंटीला पाठवा. गेम कमिशनच्या, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याच्या, पब्लिक रेंजवर हंटिंग लायसन्स दाखवून हे करता येतं.

दुर्बीण मात्र वेगळी घ्याच, साधी ८x४२ सुद्धा चालेल. झाडीत काय हललं ते स्कोपमधून बघायचं नाही, कारण ते माणूस असलं तर तुम्ही भरलेली रायफल माणसावर रोखलेली असते.

एच१बीवर असाल तर रायफल घ्यायच्या आधी फेडरल नियम नीट वाचा, नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला मनाई आहे आणि व्हॅलिड हंटिंग लायसन्स हा त्यातला अपवाद आहे, ग्रीन कार्डवाल्यांना ती मनाई लागू नाही. आणि कुणी गावाकडून सांगितलं की येताना एक स्कोप आण, तर सरळ नाही म्हणा, रायफल स्कोप अमेरिकेच्या एक्स्पोर्ट कंट्रोलमधे येतो आणि आपल्याकडे वन्यजीव कायद्याखाली शिकार बंदच आहे.