छर्ऱ्यांना दोष देण्याआधी : एअर रायफलचा ग्रुप फाटतो तेव्हा या चुका टाळा

ठाण्यातल्या आमच्या रेंजवर शनिवार आला की कुणीतरी बाबा मला हळूच बाजूला घेतात. "सर, दुसऱ्या कंपनीचे छर्रे आणू का? हिचे दहा गुण लागतच नाहीत हल्ली." मी काही न बोलता मुलीची रायफल घेतो आणि मागची साइट, म्हणजे नेम धरायचा भाग, दोन बोटांत धरून हलवून बघतो. बऱ्याचदा उत्तर तिथंच मिळतं.

ही सवय मला वाया गेलेल्या एका महिन्यानं लावली. तेव्हा सरावाला ट्रान्सहार्बर लोकलनं नेरूळला जायचो. रायफलची पेटी कधी दाराशी उभी, कधी कुणाच्या गोणीखाली आडवी. ग्रुप, म्हणजे लक्ष्याच्या कार्डावरचा भोकांचा पुंजका, डावी-उजवीकडे पसरायला लागला. मी तीन प्रकारचे छर्रे आणले, रोज वहीत तक्ते भरले, बायकोची बोलणी खाल्ली. चौथ्या आठवड्यात डायॉप्टर, म्हणजे बारीक भोकाची मागची साइट, पुसत होतो, तर तो कापडाबरोबर केसभर सरकला. स्क्रू ढिला! ॲलन कीचा पाव फेरा दिला आणि वही रद्दीत टाकली.

म्हणून पहिलं काम स्क्रूंचं. मागची साइट, पुढची साइट, स्टॉक (दस्ता) आणि ॲक्शन (छर्रा भरून डागणारा भाग) जोडणारे बोल्ट. छर्ऱ्याचा विचार त्यानंतर.

आता थोडं गणित, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. 10 मीटरच्या कार्डावर दहाचा ठिपका 0.5 मिमी व्यासाचा आणि छर्रा 4.5 मिमीचा. छर्रा ठिपक्याला नुसता चाटून गेला तरी दहा. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून 2.5 मिमीच्या आत हवा. दशांशात मोजताना दर 0.25 मिमीला 0.1 गुण जातो. छर्ऱ्यामुळे प्रत्येक शॉटमागे सरासरी एवढंसं गेलं, तरी 60 शॉटमध्ये 6 गुण गेले. छर्रा निवडणं महत्त्वाचं आहेच. घोळ असतो तो निवडायच्या पद्धतीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खांद्यावरून पाच शॉट मारायचे आणि निकाल लावायचा. उभ्यानं मारताना तुमचं स्वतःचं हलणं, श्वास, ट्रिगर हे सगळं त्या भोकांत मिसळलेलं असतं. छर्ऱ्याचा दोष त्यात कुठून दिसणार? रायफल क्लॅम्पमध्ये बांधा. क्लॅम्प नसेल तर टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून मारा. एका डब्याचे दहा-दहा शॉटचे निदान तीन ग्रुप घ्या. डबे आलटूनपालटून वापरा, नाहीतर रायफलच्या सकाळी भरलेल्या हवेच्या सिलिंडरचं श्रेय पहिल्या डब्याला मिळतं. बाहेरच्या कडांपासून ग्रुप मोजायचा आणि त्यातून 4.5 मिमी वजा करायचे. पाच शॉटचा ग्रुप म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम : तेवढ्या वेळात सगळेच गुणी दिसतात.

दुसरी चूक डब्यावरचा आकडा वाचून खरेदी करण्याची. छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास 4.49 मिमी का 4.50 यावर मुलं तावातावानं भांडतात. खरा फरक बहुधा लॉटचा, म्हणजे कारखान्यातल्या एका खेपेच्या मालाचा असतो. तोच ब्रँड, तोच आकडा, पण लॉट बदलला की तुमच्या नळीला तो मानवेलच असं नाही. मैत्रिणीच्या रायफलमध्ये चालला म्हणून तुमच्यातही चालेल, हेही नाही. एखादा लॉट जमला तर लगेच मोसमभर पुरतील एवढे डबे उचला.

नळी रोज घासणाऱ्यांबद्दल काय बोलावं! साफ केल्यावर पहिले काही शॉट भरकटतात, आतला शिशाचा पातळ थर पुन्हा बसावा लागतो. छर्रा बदलल्यावरही तसंच. स्पर्धेच्या आदल्या रात्री फेल्टची (नमद्याची) गोळी घालून नळी चकाचक करायची आणि सकाळी पहिल्या मालिकेत रडायचं, हा प्रकार मी फार पाहिला आहे.

पावसाळ्यात आणखी एक गंमत. जूनपासून आपल्या खाडीकाठच्या हवेत उघडा ठेवलेला डबा हळूहळू मळकट होतो. शिशावर पांढुरकी भुकटी धरते, ते छर्रे सरावालाही नकोत. जमिनीवर पडलेला छर्रा "चांगलाच आहे की" म्हणून परत वाटीत टाकू नका. उजेडात धरून मागची कड बघा. तिथं बारीकशी चेप असली तरी तो कुठं जाईल याचा नेम नाही. आणि शिसं हाताळून झालं की साबणानं हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. यात सूट नाही.

सिलिंडरचं थोडक्यात : साधारण 200 बारची हवा असते, भरताना सावकाश भरा, मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, कोरलेली तारीख उलटली की वापर बंद. आट्यांना घरातलं तेल किंवा ग्रीस तर कधीच लावायचं नाही. दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं.

उरले "मॅग्नम" स्प्रिंग एअरगनवाले, म्हणजे सिलिंडरऐवजी जोरदार स्प्रिंगनं हवा दाबणाऱ्या बंदुकांचे शौकीन. अमेरिकेत शिकारी मॅग्नम रायफलची काडतुसं घरी भरतात, दारू तोलून तोलून अचूक मेळ शोधतात. ते व्हिडिओ बघून इथली पोरं पेटतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसं भरणं गुन्हा, आणि शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंद. आपल्या हाती प्रयोगाला उरतो तो छर्रा. पण इथंही तीच हाव : हलक्यात हलका छर्रा, वेग जास्तीत जास्त. परवाना न लागणाऱ्या एअरगनला 20 जूलची मर्यादा आहे. 0.53 ग्रॅमचा छर्रा त्या मर्यादेत फार तर सेकंदाला 275 मीटरनं जातो. खोक्यावर 305 मीटरचा, म्हणजे हजार फुटांचा दावा असतो तो बहुधा अतिहलक्या छर्ऱ्यावर मोजलेला. तसला छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ गेला की डळमळतो. थोडा जड घ्या.

आणि घट्ट धरू नका. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच सगळी बंदूक आधी मागं, मग पुढं उडी मारते. तिला दाबून धरलं की दरवेळी वेगळी उडी. डावा तळवा उघडा ठेवा, त्यावर ती नुसती टेकवा, दरवेळी त्याच जागी. ऐरोलीच्या एका पोरानं एवढंच केलं आणि त्याच डब्यातल्या त्याच छर्ऱ्यांचा ग्रुप नाण्याखाली झाकला गेला. तोवर चार डबे विकत घेऊन झाले होते त्याचे.