पणजोबांची पलटण शोधायची आहे? आधी हे जमवा

पणजोबा पहिल्या महायुद्धात कोणत्या पलटणीत होते हे शोधायचं असेल, तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरला किंवा लंडनला पत्र पाठवण्याआधी तीन गोष्टी हाती हव्यात: पलटण, शिपाई नंबर, आणि गाव तेव्हा कोणत्या जिल्ह्यात किंवा संस्थानात होतं ते. नुसत्या नावावर काही सापडत नाही. जाधव, शिंदे, सावंत प्रत्येक पलटणीत होते. नुसता नंबरही पुरत नाही. तो पलटणीपुरताच असे, त्यामुळे एकच नंबर दोन पलटणींत दोन वेगळ्या माणसांचा निघतो.

सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करा. पदक सापडलं तर कृपा करून घासू नका. चिंच किंवा पितांबरी लावून लखलखीत केलेल्या पदकाच्या कडेची अक्षरं झिजतात, आणि नंबर, हुद्दा, नाव, पलटण हे सारं त्या कडेवरच असतं. 1914-15 च्या स्टार या पदकावर हाच मजकूर पाठीमागे असतो. टॉर्चचा उजेड तिरपा पाडून चारही बाजूंनी फोटो घ्या. ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी कांस्याचं असेल तर शोध लढाऊ पलटणीत नव्हे, मजूर तुकड्यांत घ्यायचा. सुमारे 12 सेंटिमीटर व्यासाची कांस्याची तबकडी मिळाली तर माणूस युद्धात मरण पावला असं समजा. ती वारसांना दिली जाई. तिच्यावर नाव असतं, हुद्दा आणि पलटण नसते.

घरातल्या वृद्धांना पलटणीचा नंबर आठवत नाही, टोपणनाव आठवतं. जंगी पलटण म्हणजे 103, काळी पाचवी म्हणजे 105. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला मराठा पलटणी सहा होत्या: 103, 105, 110, 114, 116 आणि 117. ‘कूतच्या वेढ्यात होते’ (कूत आजच्या इराकमध्ये, तिथे तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढलं होतं) एवढंच घरात सांगत असतील, तर आधी 103, 110 आणि 117 पाहा. 29 एप्रिल 1916 ला शरण गेलेल्या फौजेत या तिघी होत्या.

सर्वांत जास्त घोटाळा 1922 च्या फेररचनेमुळे होतो. तेव्हा या सहा पलटणींची मिळून 5 वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. 103 ची पहिली बटालियन झाली, 105 ची दुसरी, 110 ची तिसरी, 116 ची चौथी, 117 ची पाचवी, आणि 114 प्रशिक्षणाची दहावी. म्हणून पेन्शन बुकात ‘3/5’ दिसलं तर ती जुनी 110 समजा. तिथला 5 रेजिमेंटचा आहे, बटालियनचा नव्हे. पूर्वज महार असतील तर 111 महार पलटण पाहा: ती 1917 ला बेळगावात उभी राहिली आणि 1921 ला मोडली. 1941 ची महार रेजिमेंट वेगळी. खडकीचे सॅपर्स, म्हणजे पूल-रस्ते बांधणारे सैनिक, हेही विसरू नका.

आता गाव. तासगाव, वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात, मालवण रत्नागिरीत, महाड कुलाब्यात, कुडाळ सावंतवाडी संस्थानात. आजचा सांगली किंवा सिंधुदुर्ग जिल्हा टाकून शोधलं तर हाती शून्य येतं. तहसील कार्यालयात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, मागा. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी बहुधा मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधी ठरवून ठेवा. मृत्यूनंतरच्या वारस फेरफारात बापाचं, भावांचं, विधवेचं नाव मिळतं. दक्षिण महाराष्ट्रात गावोगाव फिरून वंशावळ सांगणाऱ्या हेळव्यांकडे घराण्याची नोंद असते, आणि घराणं त्र्यंबकेश्वरी जात असेल तर तीर्थोपाध्यायांची वहीही पाहा. गावातली ‘या गावातून इतके गेले’ अशी संगमरवरी पाटी नुसता आकडा देते.

युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरची पहिल्या महायुद्धाची मोफत यादी 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळात मेलेल्यांची आहे. जिवंत परतलेला माणूस तिच्यात सापडणार नाही. तिथे पूर्ण नाव कधीकधी आडनावाच्या रकान्यात घातलेलं असतं, जाधवचं जादव किंवा जाधाव, पवारचं पोवार झालेलं असतं. म्हणून नावाऐवजी पलटण निवडा, जादा माहितीच्या रकान्यात तालुका किंवा गाव घाला आणि दिसतील त्या सगळ्या नोंदी वाचा. इराकमधल्या बसरा युद्धस्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती, पलटणवार संख्या होती. तिथल्या फलकांच्या फोटोत नाव नाही म्हणून शोध सोडू नका.

यानंतरच बेळगाव. पेन्शन न मिळालेल्यांचे कागद सैन्याच्या नियमाने 25 वर्षांनी नष्ट होतात, म्हणून अर्जात पेन्शनचा पुरावा असेल तर तो सर्वांत वर जोडा. जमादार किंवा सुभेदार (तेव्हाचे हिंदी अधिकारी) असतील तर काम सोपं: इंडियन आर्मी लिस्टमध्ये त्यांचं नाव आणि बढतीची तारीख छापलेली असते. लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी अभिलेखागारात पलटणींच्या युद्धडायऱ्या डब्ल्यूओ 95 या मालिकेत आहेत, पदकांची कार्डं डब्ल्यूओ 372 मध्ये. डायरीत शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण त्या दिवशी पलटण कुठे होती, किती मेले, किती जखमी झाले हे कळतं. घरातल्या पत्रावरची तारीख तिथे लावून पाहा. सगळीकडे प्रतीच पाठवा, मूळ कागद घरातून हलवू नका.