खान्देशातून समुद्रावर: दिव्यांगांसह निघणाऱ्या कयाक सहलींचा हंगामी गाइड

दिव्यांगांना समुद्रावर नेणाऱ्या कयाक सहलींवर हंगामापुरतं गाइडचं काम करायचं असेल, तर खान्देशाला समुद्र नाही म्हणून तुमचं फारसं अडत नाही. वल्हं मारणं, उलटलेली कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) सरळ करणं, पाण्यात पडलेल्याला परत वर घेणं, हे सगळं आधी संथ पाण्यातच शिकायचं असतं. त्यासाठी वाघूर धरणाचा जलाशय पुरेसा आहे. भरती, वारा आणि लाट एवढंच नवं उरतं, आणि त्यातली भरती घरच्या पंचांगावरही बरीचशी शिकता येते.

कोकण-गोव्याचा हंगाम ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत चालतो. म्हणजे नेमकी कापूस वेचणीची वेळ. घरी आधीच बोलून ठेवा, दिवाळीत निघताना वाद नको. कामाची विचारणा ऑगस्टमध्येच सुरू करा. त्याआधी अंगावर कपडे असताना न थांबता २०० मीटर पोहता आलं पाहिजे, आणि प्रथमोपचार व सीपीआरचं (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचं) प्रमाणपत्र हातात हवं. जीवरक्षकाचा अभ्यासक्रम गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत करता येतो. भुसावळहून गोवा एक्स्प्रेस थेट जाते. काम घेताना पगाराइतकंच हेही विचारा: विमा कोण काढतं, एका गाइडमागे किती माणसं, आणि महाराष्ट्रात असाल तर २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी आहे का. आमच्या मते मिश्र, म्हणजे दिव्यांग आणि इतर एकत्र असलेल्या गटात दोन कयाकमागे एक गाइड आणि वर एक मोकळा गाइड हवाच. 'दोन गाइड, दहा पाहुणे' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

धरणावर सराव करायचा तर पाटबंधारे विभागाची परवानगी घ्या आणि किमान तिघं तरी असा. पावसाळ्यात तापीच्या पात्रात उतरूच नका. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. ते उघडले की खालचं पाणी किती वेगाने चढतं ते काठावरच्या गावांना विचारा.

आता मुख्य काम. या सहलींवर ताकदीपेक्षा विचारण्याची सवय लागते. सहलीच्या आधी फोनवर त्या व्यक्तीशीच बोला, सोबत येणाऱ्याशी नव्हे. चाकांच्या खुर्चीतून पलंगावर कसे जाता? पाठीला टेकू नसताना किती वेळ बसता येतं? कुठे संवेदना नाही? फिट येते का, शेवटची कधी आली, कोणत्या गोळ्या चालू आहेत? लघवीची पिशवी किंवा कॅथेटर आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला गाइड लाजतात, आणि मग पिशवी सीटखाली दबते.

कयाक तयार करताना नियम एकच: आधी सुटका, मग बसवणं. माणसाला सीटला किंवा हाताला वल्ह्याशी असं काहीही बांधायचं नाही, जे पाण्यात उलटं असताना एका झटक्यात, आपोआप सुटणार नाही. बकल नको, गाठ तर नकोच. पकड कमजोर असेल तर वल्ह्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाडी वाढवा. हात त्यातून ओढला की निघाला पाहिजे. कंबरेला आधार हवा असेल तर सीटच्या दोन्ही बाजूंना योगा मॅटचे तुकडे भरा. गादीचा स्पंज वापरू नका, तो पाणी पितो आणि फुगून पाय अडकवतो. संवेदना नसलेल्या माणसाखाली जाड जेलची किंवा फोमची गादी हवी, आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी हातांवर रेटून किंवा बाजूला झुकून वजन हलवायला सांगा. तासभर एकाच जागी दाब राहिला तर कातडी मरू लागू शकते, आणि ती जखम भरायला महिने जातात.

तोल कमी असेल तर बाजूला तरंगते लावतात. सरावासाठी ते जळगावातच बनवा, पाइपला तिथे तोटा नाही. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना टोप्या सॉल्व्हंटने चिकटवून बंद. असा एक मीटर पाइप स्वतःचं वजन वजा जाता साधारण आठ किलो उचलून धरतो, म्हणून प्रत्येक बाजूला दीड मीटर घ्या. हे फक्त धरणावर. समुद्राच्या फुटत्या लाटेत ते पायांत येतं आणि मोडतं.

लाइफ जॅकेट दुकानात नव्हे, कंबरभर पाण्यात तपासा. कंबरेखाली लुळेपणा असेल तर पाय वर तरंगतात आणि काही जॅकेटांत माणूस पालथा पडतो. दोन गाइड दोन्ही बाजूंना उभे राहा, त्याला हळूच सैल सोडा आणि तोंड कुठे राहतं ते पाहा. पालथं जात असेल तर जॅकेट बदला. नुसते पट्टे आवळून भागत नाही.

पाहुण्याला उचलताना कयाक कोरड्या वाळूवर, खुर्चीला समांतर ठेवा आणि खुर्चीचे ब्रेक लावा. एक जण मागून काखेखालून हात घालून पाहुण्याचीच मनगटं धरतो, दुसरा गुडघ्यांखाली. मोजणी पाहुण्यालाच करू द्या, 'तीन'ला उचलायचं. प्लॅस्टिकची दोन सीटची कयाक चाळीस किलोच्या आसपास असते. माणूस बसल्यावर ती वाळूवरून ओढायला चौघं लागतात. पायांत बूट हवेतच. खडकावरचे शिंपले संवेदना नसलेला पाय कापतात आणि रक्त दिसेपर्यंत कुणालाच कळत नाही.

इथे भरतीचा प्रश्न येतो, आणि खान्देशी पोरं हमखास चुकतात, कारण धरणाचं पाणी दिवसात दोनदा मागे जात नाही. मुंबई-अलिबागकडे उधाणाची भरती साडेचार मीटरच्या पुढे जाते, मालवण-गोव्याकडे अडीचच्या आसपास राहते. सपाट किनाऱ्यावर ओहोटीला पाणी शे-दोनशे मीटर मागे सरतं. तेवढ्या ओल्या वाळूतून खुर्ची ढकलून पाहा, मग ओहोटीला उतरायचं नाव काढणार नाही. म्हणून भरती पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघायचं आणि नंतर तासाभरात परतायचं. पहिल्या व शेवटच्या तासात पाणी फारसं हलत नाही. भरती किंवा ओहोटीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत निम्मं पाणी आत किंवा बाहेर जातं, खाडीच्या तोंडाशी तेव्हा थांबू नका.

कोकणातला जुना हिशोब: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. म्हणजे दोन्ही पक्षांतल्या या तीन तिथी सकाळच्या सहलीला सोयीच्या. हा अदमास आहे, नेमकी वेळ त्या बंदराच्या तक्त्यातूनच घ्या. तरी पाहुण्यांनी तारखा विचारल्या तर आधी कालनिर्णय उघडा.

सकाळच्या वेळेला दुसरं कारण वाऱ्याचं. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. किनाऱ्यालगत पाणी काचेसारखं दिसतं आणि नवखे फसतात, कारण हा वारा थकलेल्याला आत, समुद्राकडे ढकलतो. म्हणून किनाऱ्यापासून दोनशे मीटरच्या आतच राहा. दुपारी वारा उलटतो आणि लाट उठते. वारा दहा नॉट, म्हणजे ताशी अठरा किलोमीटरच्या वर गेला की मिश्र गट पाण्यावर नको. यंत्र नसेल तर पाण्याकडे पाहा: पांढरे तुरे तुरळक असतील तर सावध, जागोजागी दिसले तर सहल रद्द. गट ताशी तीन-चार किलोमीटरने जातो, पहिल्या दिवशी एकूण अंतर तेवढंच ठेवा.

अंध व्यक्ती पुढच्या सीटवर, गाइड मागे. दिशा घड्याळाच्या काट्यांनी सांगा: 'दोन वाजता खडक.' किनाऱ्यावर त्यांचा हात धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा. कर्णबधिर असतील तर शिट्टी कामाची नाही. वल्हं आडवं म्हणजे थांबा, उभं म्हणजे माझ्याकडे या, हे किनाऱ्यावरच ठरवा, आणि गाइड कायम त्यांच्या नजरेसमोर, पुढे राहील असं पाहा. कृत्रिम पाय असेल तर पाण्यात तो कॉकपिटमध्ये, म्हणजे कयाकच्या बसायच्या खळग्यात, अडकू शकतो, आणि खारं पाणी त्याचे सांधे खातं. काढून कोरड्या पिशवीत ठेवायचा का, ते त्या माणसालाच ठरवू द्या.

कयाक उलटली तर हुकूम एकच: माणूस आधी, बोट नंतर, वल्हं सगळ्यात शेवटी. पाय न चालणारा माणूस नेहमीच्या पद्धतीने टाच टेकवून वर चढू शकत नाही. त्याची कयाक आडव्या कुशीवर ठेवा, कॉकपिट पाण्याने भरू द्या, पाय आत सरकवा, त्याला मागे डेकवर (कयाकच्या वरच्या पाठीवर) झोपवा, मग शेजारच्या कयाकवरून डेकची दोरी ओढत सरळ करा. आत पाणी भरलेलं असतं आणि बोट डुलते, तेव्हा दोन्ही कयाक धरून ठेवूनच पंप मारा. वाघूरवर हे शिकताना मित्राला पाय पूर्ण लुळे सोडायला सांगा. नकळत लाथ मारली की सराव वाया.

उन्हाचं वेगळं सांगायला हवं. आपलं ऊन कोरडं, घाम उडून अंग थंड होतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळतच नाही. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्यांना त्या जागेखाली घामच येत नाही; मान आणि दंड सतत ओले ठेवा. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्यावर इजा असलेल्याचं डोकं अचानक ठणकू लागलं आणि चेहरा लाल झाला तर तो उन्हाचा त्रास समजून आडवं करू नका. रक्तदाब चढलेला असतो. सरळ बसवा, जॅकेट व पट्टे सैल करा, कॅथेटरची नळी दुमडली आहे का पाहा, आणि लगेच किनारा गाठा. १०८ ला फोन बोटीवरूनच करा. समुद्रात हरवलं-बुडालं तर तटरक्षक दलाचा १५५४.

परतल्यावर फोटो नंतर. आधी गोड पाण्याने अंघोळ, मग बसण्याची जागा, टाचा आणि घोटे पाहायला सांगा. लाल डाग दाबल्यावर पांढरा झाला नाही तर त्या माणसाची उद्याची सहल रद्द. त्यानंतर खुर्चीची चाकं आणि बेअरिंग धुवून तेल द्या, कारण उद्या सकाळी त्याला तीच खुर्ची लागणार आहे.